'ऑर्थोगोनल' म्हणजे नक्की काय? लंब, असंबद्ध की स्वतंत्र?

सांजवारा
मंडळी, एक शब्द सध्या डोक्यात घोळतोय. ऑर्थोगोनल. कॉलेजात गणितात शिकलो तेव्हा त्याचा अर्थ सरळ होता, दोन रेषा काटकोनात. पण हल्ली ऑफिसातल्या मीटिंगमध्ये, कोड रिव्ह्यूच्या कॉमेंटमध्ये, लेखांमध्ये सगळीकडे हा शब्द दिसतो आणि प्रत्येक जण वेगळ्याच अर्थाने वापरतोय असं वाटतं. मी एका चर्चेत एक शंका काढली तर समोरून उत्तर आलं की "तुझा मुद्दा याला ऑर्थोगोनल आहे". आता हे ऐकून मला कळेना की माझा मुद्दा चुकीचा आहे, फालतू आहे, विरोधी आहे की बरोबर आहे पण इथे नको. डिक्शनरीत बघितलं तर 'लंबकोनी', 'असंबद्ध', 'सांख्यिकीदृष्ट्या स्वतंत्र' असे तीन-चार अर्थ एकाखाली एक दिलेत, त्याने गोंधळ वाढला. कोणी नीट उलगडून सांगेल का? आणि बोलताना तो कसा वापरायचा हेही.

काटकोन
गणित शिकवतो म्हणून सुरुवात मी करतो. शब्द मूळचा ग्रीक. 'ऑर्थोस' म्हणजे सरळ, ताठ, बरोबर आणि 'गोनिया' म्हणजे कोन. हाच 'ऑर्थो' ऑर्थोपेडिकमध्ये आहे, ऑर्थोडॉक्समध्ये आहे, आणि हाच 'गोन' पॉलिगॉन, हेक्झागॉनमध्ये आहे. म्हणजे शब्दशः 'काटकोनी', बस.

पुढे गंमत अशी झाली की गणितज्ञांनी काटकोन मोजायची एक रीत काढली ज्यात कोनमापक लागतच नाही. दोन सदिश घ्या, (३, ४) आणि (−४, ३). पहिल्याला पहिल्याशी गुणा, दुसऱ्याला दुसऱ्याशी, बेरीज करा. −१२ अधिक १२ म्हणजे शून्य. शून्य आलं की काटकोन. कागदावर काढून बघा, बरोब्बर ९० अंश येतील. आता ही रीत दोन आकड्यांना चालते तशी तीनला चालते, शंभरला चालते, आणि शंभर मितींमध्ये चित्र कोण काढणार, तरी गुणाकार-बेरीज करता येतेच ना. मग बेरजेच्या जागी इंटिग्रल घातलं की फंक्शनलाही चालते. साइन आणि कोसाइनचा गुणाकार करून एका पूर्ण आवर्तनावर इंटिग्रल काढलं तर शून्य येतं, म्हणून ती दोन फंक्शन्स ऑर्थोगोनल. तिथे कुठलाही कोन डोळ्याला दिसत नाही पण शब्द तोच राहिला. कुठलीही आवर्ती लहर साइन-कोसाइनमध्ये फोडायच्या फूरियेच्या पद्धतीची सगळी इमारत ह्याच शून्यावर उभी आहे.

म्हणून शाळेत आपण 'परपेंडिक्युलर' म्हणतो ते रेषांसाठी आणि प्रतलांसाठी, आणि 'ऑर्थोगोनल' म्हणतो ते त्याच कल्पनेचा विस्तार जिथे जिथे होतो तिथे. तिसरा भाऊ 'नॉर्मल', तो पृष्ठभागाला लंब असेल तेव्हा.

रात्रपाळी
सॉफ्टवेअरवाल्यांच्या बाजूने सांगतो कारण हा शब्द ऑफिसांमध्ये जास्त आमच्यामुळेच पसरला असावा असं मला वाटतं.

सगळ्यात सोपं उदाहरण तुमच्या समोर स्क्रीनवर आहे. कुठलाही एडिटर उघडा, बोल्ड आणि इटॅलिक ही दोन बटणं बघा. बोल्ड चालू-बंद केल्याने इटॅलिकवर काही परिणाम होत नाही आणि इटॅलिकने बोल्डवर होत नाही. चारही जोड्या मिळतात, साधं, नुसतं बोल्ड, नुसतं इटॅलिक, दोन्ही. ही दोन बटणं ऑर्थोगोनल. आता त्याच पट्टीवर डावीकडे जुळवा, मधे, उजवीकडे अशी बटणं आहेत ती एकमेकांना ऑर्थोगोनल नाहीत, एक दाबलं की दुसरं सुटतं. पण तीन मिळून जो एक पर्याय होतो तो बोल्डला ऑर्थोगोनल आहे. एवढं कळलं की ९० टक्के काम झालं.

आमच्याकडे हा शब्द जुना आहे. अल्गोल ६८ ही भाषा बनवताना व्हॅन वाइनगार्डन आणि मंडळींनी हे तत्त्वच ठरवून घेतलं होतं, मूळ कल्पना थोड्या ठेवायच्या आणि त्या कुठेही, कशाबरोबरही जोडता आल्या पाहिजेत. प्रोसेसरमध्ये पीडीपी-११ चं नाव घेतात, १९७० चं मशीन. आठ रजिस्टर (प्रोसेसरच्या आतले आकडे ठेवायचे कप्पे), आठ ॲड्रेसिंग मोड (आकडा कुठून घ्यायचा हे सांगायच्या रीती), आणि जवळपास कुठलाही मोड कुठल्याही रजिस्टरबरोबर चालायचा. याउलट इंटेलच्या ८०८६ प्रोसेसरवर गुणाकार करायचा तर एएक्स रजिस्टरमध्येच आकडा हवा, शिफ्ट (आकड्यातले बिट सरकवणं) किती करायचं हे दुसऱ्या रजिस्टरमधून द्यायचं तर ते सीएलच हवं. असे अपवाद पाठ करावे लागले की समजायचं डिझाइन ऑर्थोगोनल नाही.

त्यामुळे सांजवारा, तुमच्या चर्चेत समोरच्याने शिवी दिली नाहीये, निश्चिंत राहा. त्याचं म्हणणं एवढंच की तुमचा मुद्दा हो ठरला काय किंवा नाही ठरला काय, आत्ता ज्यावर निर्णय घ्यायचाय त्याचं उत्तर बदलत नाही.

परिशिष्ट_ब
या शब्दाची एक खरीखुरी कोर्टातली हकीकत आहे, धाग्यात यायलाच हवी. ११ जानेवारी २०१०, अमेरिकेचं सुप्रीम कोर्ट, ब्रिस्को विरुद्ध व्हर्जिनिया खटल्याचा युक्तिवाद चालू. मिशिगन विद्यापीठातले कायद्याचे प्राध्यापक रिचर्ड फ्रीडमन वकील म्हणून उभे होते. एका प्रश्नावर ते म्हणाले की तो मुद्दा इथल्या मुद्द्याला 'एंटायरली ऑर्थोगोनल' आहे. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी तिथेच थांबवलं, "सॉरी, एंटायरली काय?" फ्रीडमननी अर्थ सांगितला, काटकोन, संबंध नसलेला, गैरलागू. तेवढ्यात न्यायमूर्ती स्कालिया म्हणाले ते विशेषण काय होतं, मला आवडलं. पुढे आपण हे निकालपत्रात वापरू असंही म्हणाले, त्यावर रॉबर्ट्स म्हणाले किंवा विरोधी निकालात. कोर्टात हशा. हे सगळं अधिकृत ट्रान्सक्रिप्टमध्ये आहे, कोणीही वाचू शकतं.

म्हणजे जन्मभर इंग्रजीत वाद घालणाऱ्या लोकांनाही हा शब्द अडला, आपण कशाला संकोच करायचा.

सांजवारा
भारी आहे हे. पण मग फ्रीडमननी जो अर्थ सांगितला 'गैरलागू', तोच अंतिम धरायचा का? रात्रपाळींच्या बोल्ड-इटॅलिकमध्ये तर दोन्ही लागू आहेत.

काटकोन
बरोबर पकडलंत आणि याच ठिकाणी माझा आग्रह आहे. फ्रीडमन उभ्याउभ्या घाईत समजावत होते, त्यांना दोष नाही, पण 'गैरलागू' हा अर्थ ऑर्थोगोनलचा अर्धा जीव काढून टाकतो.

बघा, दोन सदिश ऑर्थोगोनल आहेत की नाहीत हे विचारायलाच आधी ते एकाच अवकाशात असावे लागतात. एक सदिश प्रतलातला आणि दुसरी भलतीच काही वस्तू असेल तर त्यांचा गुणाकारच करता येत नाही, शून्य येणं तर पुढची गोष्ट. म्हणजे ऑर्थोगोनल गोष्टी एकाच घरातल्या असतात. इतकंच नाही, त्या अवकाशातल्या प्रत्येक बिंदूचा पत्ता सांगायला दोन्ही लागतात. नकाशावर अक्षांश आणि रेखांश एकमेकांना काटकोनात छेदतात, म्हणून अक्षांश सांगितला तर रेखांश गैरलागू झाला असं कोणी म्हणेल का? उलट तो सांगितल्याशिवाय जागा सापडणारच नाही. एकावरून दुसऱ्याचा अंदाज येत नाही एवढाच त्याचा अर्थ.

न्हाणीघरातल्या नळाचं घ्या. गरमचा एक, गारचा एक असे दोन नळ असतात तेव्हा धार वाढवायची म्हणून गरमचा फिरवला की पाणी कढत होतं, मग गारचा फिरवा, मग धार जास्त होते, परत गरमचा कमी करा. आणि एका दांड्याचा नळ असतो त्यात दांडा वर केला की धार वाढते, बाजूला वळवला की तापमान बदलतं. पाणी तेच, दोन पाइप तेच, मिळणाऱ्या जोड्याही त्याच. फक्त आपल्याला ज्या दोन गोष्टी हव्या असतात त्या आता एकमेकींना ढकलत नाहीत. तिथे तापमान धारेला 'गैरलागू' नाही, आंघोळीला दोन्ही हवेतच.

म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो की विरोधी म्हणजे १८० अंश, एकच म्हणजे शून्य अंश आणि ऑर्थोगोनल ९० अंश. ज्यांना वाटतं ऑर्थोगोनल म्हणजे विरोधी त्यांनी हे एकदा काढून बघावं. विरोधी मत तुमच्या मताबद्दल भरपूर माहिती देतं, फक्त उलटं करून वाचायचं. ऑर्थोगोनल मत त्याबद्दल काहीच सांगत नाही.

अक्षरवेडी
किती सुंदर धागा! मी भाषांतराचं काम करते, त्या अंगाने थोडं.

मराठीत याला पटकन सुचणारा वाक्प्रचार म्हणजे 'अर्थाअर्थी संबंध नाही'. बहुतेक ठिकाणी मी तोच वापरत होते आणि काटकोन यांची वरची पोस्ट वाचल्यावर वाटतंय की तो पुरत नाही, कारण 'अर्थाअर्थी संबंध नाही' म्हटलं की विषयच संपला, दुसऱ्या गोष्टीला घराबाहेर काढलं. 'हा वेगळा प्रश्न आहे' हे जास्त जवळ जातं, आणि त्याहून जवळ 'याने त्याला फरक पडत नाही'. ओढूनताणून जोडलेल्या नात्याला आपण बादरायण संबंध म्हणतो तसा याच्या उलट टोकाला, एकत्र नांदून न गुंतणाऱ्या गोष्टींना, एखादा चपखल शब्द असता तर काय बहार आली असती. पुस्तकी मजकुरात मी 'परस्परस्वतंत्र' लिहीन पण बोलताना ते जड होतं.

इंग्रजीत वापरताना एक लक्षात ठेवा, ऑर्थोगोनलनंतर 'टू' येतो. 'ऑर्थोगोनल फ्रॉम' आणि 'ऑर्थोगोनल विथ' दोन्ही कानाला खटकतात. एकापेक्षा जास्त गोष्टी एकमेकींना असतील तर 'म्युच्युअली ऑर्थोगोनल'. आणि उच्चारात जोर दुसऱ्या अक्षरावर आहे, ऑर्-थॉ-गनल असा. आपण सगळे 'ऑर्थोगोनल' म्हणतो, समजतं सगळ्यांना, पण परदेशी लोकांसमोर बोलायचं असेल तर माहीत असावं.

'टॅन्जेन्शियल' शी पण गल्लत होते. टॅन्जेन्शियल मुद्दा विषयाला एका ठिकाणी चाटून जातो आणि लांब निघून जातो, म्हणजे आपलं विषयांतर. ऑर्थोगोनल मुद्दा विषयातलाच असतो, त्याची दिशा वेगळी.

लहरी_लांबी
टेलिकॉममध्ये हा शब्द नुसता उपमा म्हणून नाही तर पोटापाण्याचा आहे. फोरजी आणि वायफाय ज्या ओएफडीएम पद्धतीवर चालतात त्यातला पहिला ओ म्हणजे ऑर्थोगोनल.

पूर्वी दोन रेडिओ चॅनलमध्ये मोकळी पट्टी सोडायचे, एकाची कुरकुर दुसऱ्यात जाऊ नये म्हणून. ओएफडीएममध्ये शेकडो बारीक वाहक लहरी अशा चिकटवून ठेवतात की त्यांचे स्पेक्ट्रम चक्क एकमेकांवर चढलेले असतात. ग्राफ बघितला तर वाटेल सगळा घोळ होणार. पण अंतर असं निवडलेलं असतं की एका लहरीचं शिखर जिथे आहे बरोबर तिथे बाकी सगळ्यांची किंमत शून्य. एलटीईमध्ये, म्हणजे फोरजीमध्ये, हे अंतर १५ किलोहर्ट्झ आहे आणि एका सिम्बॉलचा (एका वेळी पाठवलेल्या माहितीच्या तुकड्याचा) कामाचा वेळ साधारण ६६.७ मायक्रोसेकंद, हे दोन आकडे सुटे नाहीत, १ भागिले १५,००० करा म्हणजे तेवढाच वेळ येतो. तेवढ्या वेळात दोन शेजारच्या लहरींचा गुणाकार-बेरीज शून्य होते, काटकोन यांनी साइन-कोसाइनचं सांगितलं तेच गणित.

आणि हे नातं किती नाजूक असतं ते पण बघा. फोन धरून तुम्ही वेगवान गाडीत असाल तर डॉप्लरमुळे, म्हणजे गतीच्या परिणामाने, वारंवारता जराशी सरकते, मग शिखराच्या जागी शेजारी शून्य राहत नाही आणि एकाची गळती दुसऱ्यात सुरू होते. त्यामुळे आमच्याकडे 'ऑर्थोगॉनॅलिटी गेली' हे वाक्य तक्रारीसारखं ऐकू येतं, ती एकदा मिळाली म्हणजे कायमची राहिली असं नसतं, सांभाळावी लागते.

प्रयोगवही
केमिस्ट्रीत पण आहे! पेप्टाइड, म्हणजे अमिनो ॲसिडची साखळी, बनवताना रेणूच्या काही भागांवर झाकणं लावावी लागतात, प्रोटेक्टिंग ग्रुप म्हणतात त्यांना, आणि योग्य वेळी हवं तेच झाकण काढायचं असतं. मेरिफिल्डच्या जुन्या पद्धतीत एक झाकण ॲसिडने निघायचं आणि दुसरंही ॲसिडनेच, फक्त जास्त कडक ॲसिडने. म्हणजे पहिलं काढताना दुसरं थोडं थोडं झिजायचं, आणि साखळी लांब असेल तर ते थोडं थोडं साठत जायचं. मग बॅरनी आणि मेरिफिल्ड यांनी १९७७ मध्ये ऑर्थोगोनल संरक्षणाची कल्पना मांडली, की दोन झाकणं काढायची रसायनंच वेगळ्या जातीची हवीत. आज एफमॉक नावाचं झाकण बेसने (अल्कलीने) निघतं, त्यासाठी पायपेरिडीन वापरतात, आणि टर्शरी ब्युटाइल नावाचं झाकण ॲसिडने. कितीही वेळ बेसमध्ये ठेवा, ॲसिडवालं झाकण ढिम्म हलत नाही. 'कमी-जास्त' आणि 'वेगळ्या दिशेचं' यातला फरक मला याच्याइतका स्वच्छ दुसरीकडे कुठे दिसला नाही.

याच शब्दाला पुढे 'बायो' लागला. कॅरोलिन बर्टोझी यांनी २००३ मध्ये बायोऑर्थोगोनल हा शब्द रूढ केला, जिवंत पेशीच्या आत होणारी पण पेशीच्या स्वतःच्या रसायनात ढवळाढवळ न करणारी अभिक्रिया. २०२२ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मेल्डल आणि शार्पलेस यांच्यासोबत मिळालं. इथे परत काटकोन यांचा मुद्दा, त्या अभिक्रिया पेशीला 'गैरलागू' कशा म्हणणार, त्या पेशीच्या आतच घडतात आणि पेशी बघायलाच तर वापरतात.

सरासरीवाला
सगळं छान चाललंय पण मला एक धोक्याची पाटी लावायची आहे. डिक्शनरीत 'सांख्यिकीदृष्ट्या स्वतंत्र' असं लिहिलंय म्हणाले ना, ते जसंच्या तसं धरू नका.

एक्सची किंमत −१, ०, १ यापैकी कुठलीही समान शक्यतेने घ्या. वाय म्हणजे एक्सचा वर्ग. आता दोघांच्या गुणाकाराची सरासरी काढा, −१, ०, १ यांची सरासरी शून्य. एक्सची स्वतःची सरासरीही शून्य. म्हणजे कोरिलेशन (सहसंबंध) शून्य, ऑर्थोगोनलच्या व्याख्येत बसलं. पण एक्स सांगितला की वाय शंभर टक्के ठरतो! याला स्वतंत्र कसं म्हणायचं? ऑर्थोगोनल असणं म्हणजे सरळ रेषेतला संबंध नसणं, वाकडातिकडा संबंध असू शकतो आणि तो या चाळणीतून निसटतो.

प्रयोगांच्या आखणीत हे महागात पडतं. तागुची पद्धतीत ऑर्थोगोनल ॲरे, म्हणजे प्रयोगांचे ठरावीक तक्ते, वापरतात, एल-९ सगळ्यांना माहीत असेल, चार घटक प्रत्येकी तीन पातळ्यांवर, सगळ्या जोड्या करायच्या तर ८१ प्रयोग लागतात आणि एल-९ मध्ये ९ मध्ये भागतं. कुठलेही दोन रकाने घ्या, त्यांच्या नऊच्या नऊ जोड्या प्रत्येकी एकदाच येतात, म्हणून एका घटकाचा परिणाम मोजताना बाकीच्यांचा परिणाम समान वाटला जातो. पण दोन घटक मिळून काही तिसरंच घडवत असतील तर तो परिणाम दुसऱ्याच कुठल्यातरी रकान्याच्या नावावर जमा होतो, नि तुम्ही भलत्याच घटकाला श्रेय देऊन मोकळे. रकाने ऑर्थोगोनल आहेत म्हणून प्रत्यक्षातले घटक सुटे आहेत असं होत नाही. मला हे लोकांना वारंवार सांगावं लागतं आणि मी सांगत राहणार.

रात्रपाळी
सरासरीवाला, एकदम मान्य. मीटिंगमधल्या ऑर्थोगोनललाही हेच लागू आहे. 'सिक्युरिटीचा मुद्दा ऑर्थोगोनल आहे, नंतर बघू' असं म्हणून पुढे गेलेली डिझाइन्स मी बघितली आहेत आणि नंतर कळतं की सिक्युरिटीने अख्खा डेटा फ्लो बदलायला लावला, म्हणजे तो मुद्दा काटकोनात नव्हताच. शब्द वापरणाऱ्याने तो दावा तपासलेला असला पाहिजे. सांजवारा, पुढच्या वेळी कोणी असं म्हणालं तर शांतपणे विचारा की माझ्या मुद्द्याचं उत्तर 'हो' आलं तर तुझ्या निर्णयात काय बदलेल, आणि 'नाही' आलं तर काय. दोन्हीकडे काहीच बदलत नसेल तर त्याचं खरं. बदलत असेल तर चर्चा चालू ठेवा, हक्क आहे तुमचा.

चिपळूणकरी_नव्हे
'थोडंसं ऑर्थोगोनल', 'मोअर ऑर्थोगोनल' असं ऐकतो ते बरोबर आहे का? ९० अंश असेल तर असेल, नाहीतर नाही ना?

काटकोन
काटेकोरपणे तुमचं बरोबर आहे, शून्य म्हणजे शून्य. पण 'निअरली ऑर्थोगोनल' गणितातही रीतसर वापरतात आणि तो फार कामाचा आहे. मिती वाढल्या की एक विलक्षण गोष्ट होते, कुठलेही दोन सदिश डोळे झाकून उचलले तरी ते जवळपास काटकोनातच निघतात. १००० मितींमध्ये त्यांच्यातल्या कोनाचा कोसाइन शून्याच्या आसपासच, साधारण ०.०३ ने अधिक किंवा उणे, हेलकावे खातो. दोन मितींच्या कागदावर राहून याचा अंदाज येत नाही. डिझाइनबद्दल बोलताना 'मोअर ऑर्थोगोनल' चालतं, तिथे अपवाद किती कमी झाले हे सांगायचं असतं.

चिपळूणकरी_नव्हे
धन्यवाद. आमच्या वर्कशॉपमध्ये ऑर्थोगोनल कटिंग म्हणतात, टूलची धार कापायच्या दिशेला ९० अंशात असेल तर ऑर्थोगोनल आणि तिरकी असेल तर ऑब्लिक. ऑर्थोगोनलमध्ये बलं दोनच दिशांना धरावी लागतात, ऑब्लिकमध्ये तिसरी दिशा येते नि हिशेब वाढतो. म्हणून अभ्यासाला नेहमी पहिलं घेतात, प्रत्यक्ष कामात बहुतेक कटिंग तिरकंच असतं. आमच्याकडे शब्द अजून कोनातच आहे, पुढे सरकलेला नाही :)

सांजवारा
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. परिशिष्ट_ब, कोर्टाचा किस्सा तर ऑफिसात सांगणारच. एआयच्या लेखांमध्ये 'ऑर्थोगॉनॅलिटी थिसिस' वाचलं होतं तेही आता उलगडलं, तत्त्वज्ञ निक बोस्ट्रॉम यांनी २०१२ मध्ये मांडलेलं, की बुद्धी किती आहे आणि ध्येय काय आहे हे दोन वेगळे अक्ष, हुशारी वाढली म्हणून ध्येय आपोआप चांगलं होत नाही. पटो न पटो, म्हणणं काय आहे ते तरी कळलं.

काटकोन, एक शेवटचं. ऑर्थोगोनल मॅट्रिक्सची व्याख्या वाचली तर त्यात रकाने नुसते काटकोनात असून चालत नाही, प्रत्येकाची लांबी १ पण हवी म्हणतात. मग त्याला ऑर्थोनॉर्मल मॅट्रिक्स का नाही म्हणत?

काटकोन
म्हणायला हवं होतं, तर्काने तुमचंच बरोबर. काटकोनात आणि लांबी १ असे दोन्ही असतील तर सदिशांच्या संचाला ऑर्थोनॉर्मलच म्हणतात. मॅट्रिक्सच्या बाबतीत जुनं नाव रुळलं आणि सगळ्या पुस्तकांत तेच छापलं गेलं, आता कोणी बदलणार नाही. परीक्षेत रकाने काटकोनात दिसले की लगेच ट्रान्सपोज (ओळी-रकान्यांची अदलाबदल) हाच इन्व्हर्स (व्यस्त मॅट्रिक्स) असं लिहून मोकळे होऊ नका, आधी लांबी तपासा. (३, ४) आणि (−४, ३) हे रकाने घेतलेत तर ट्रान्सपोज आणि मूळ मॅट्रिक्स यांच्या गुणाकारात कर्णावर १ नाही, २५ येईल. प्रत्येकाला ५ ने भागा, मग जमलं.